ती पावडर नव्हती

मला झालेला कॅन्सर कधीच कोणाच्या हाताला लागला नाही. माझ्या नाही, तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या नाही, आणि ज्यांनी तो कापून काढला त्या सर्जनच्याही नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न "गाठ केवढी होती?" हा आहे. "गाठ नव्हतीच" असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू मी खोटं सांगून भरपगारी रजा उपटली.

मी वर्ध्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते. वय चोपन्न. आजारातून उठलेल्या माणसांनी लिहिलेलं मी बरंच वाचलं आहे. बहुतेक जण शेवटी आजाराचे आभार मानतात. आजाराने जगायला शिकवलं, माणसं ओळखायला शिकवलं, वगैरे. मला आजाराने काहीही शिकवलं नाही. जगायला मला आधीही येत होतं आणि माणसं मी पस्तीस मुलींच्या वर्गात रोज ओळखतेच. मला राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि तो उपयोगी पडला, म्हणून लिहिते आहे. ज्या बायकांना उद्या-परवा या तपासणीला जायचं असेल त्यांना त्यातलं काही कामी येईल.

रोहण्यातला कार्यक्रम

रोहणा माझं माहेर. मे महिन्याच्या सुट्टीत मी चार दिवस तिकडे गेले होते. तिथे धाकटा भाऊ बंडू शेती बघतो आणि त्याची बायको विमल गावच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. बचत गट म्हणजे बायकांनी महिन्याला पैसे जमवून एकमेकींना कर्ज देण्याची व्यवस्था, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात कुठल्याही कार्यक्रमाला खुर्च्या भरायच्या असल्या की पुढाऱ्यांना आधी आठवतो तो बचत गट.

या वेळी कार्यक्रम कॅन्सर तपासणी शिबिराचा होता. एका मंडळाने मॅमोग्राफीची गाडी आणली होती. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे, ज्यात हाताला न लागणारं बारीकसारीकही दिसतं. ही गाडी खेड्यात येणं ही खरोखर चांगली गोष्ट होती. एवढी चांगली गोष्ट कशी वाया घालवायची हे जाणणारे लोक मात्र आपल्याकडे भरपूर आहेत.

फ्लेक्सवर ओळीने पुरुषांचे फोटो होते. बायकोच्या किंवा आईच्या नावानेही त्यात एक बाई घुसवावी, हे कोणाला सुचलं नव्हतं. खाली कोपऱ्यात एक गुलाबी फीत होती. प्रमुख पाहुणे अकराला येणार होते, ते दीडनंतर आले. तोपर्यंत ऊन असं तापलं होतं की मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर हात टेकवत नव्हता. मग दीप, मग हार, मग शाली. भाषणं झाली. स्त्री ही शक्ती आहे, माता आहे, भगिनी आहे, घराचा कणा आहे. स्तन हा शब्द दुपारभरात एकाही तोंडातून बाहेर पडला नाही. "महिलांचे ते आजार" असं एक जण म्हणाला. दुसरा "छातीचे विकार" म्हणाला, तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी कुजबुजली, "टीबीचं हाये वाट्टे."

वाट बघताना बायका कंटाळू नयेत म्हणून मंडळाने एक कापडी पिशवी वाटली. तालुक्यातल्या एका व्यापाऱ्याने दिलेली भेट. आत एक रुमाल, एक कंगवा आणि घामोळ्याच्या पावडरचा एक डबा.

ज्यांनी ही तपासणी केली आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. मॅमोग्राफीला जाताना अंगाला पावडर लावायची नसते. पावडरचे कण एक्स-रेमध्ये पांढरे ठिपके होऊन उमटतात, आणि ज्या कॅन्सरची गाठ अजून झालेली नसते तो कधीकधी याच रूपात दिसतो, पांढऱ्या बारीक ठिपक्यांच्या. जिथे पावडर बंद असायला हवी त्या तपासणीच्या मांडवात तपासणीच्या आधी पावडर वाटली गेली. मे महिना, बेचाळीसच्या वरचं ऊन, आणि हातात फुकटचा डबा. बायकांनी डबे उघडले. गळ्यात, काखेत, ब्लाउजच्या आत. मांडवभर चंदनाचा वास सुटला. विमलने तर आपलं झाल्यावर मागच्या खुर्चीवरच्या जावेलाही लावून दिली.

"ताई, लावा ना जराशी. गार वाट्टे."

"मला त्या वासाने शिंका येतात. राहू दे."

माझा डबा पिशवीतच राहिला.

गाडीत

भाषणं संपली तेव्हा चार वाजले होते. गाडीला संध्याकाळी दुसऱ्या गावी जायचं होतं, तिथेही हार तयार असणार. बायकांना भराभर आत घ्यायला सुरुवात झाली. गाडीत एसी होता, त्यामुळे रांगेत कोणी कुरकुर करत नव्हतं. एक जण बाहेर येऊन म्हणाली, "मशीन चेपते मरनाची, पण थंडं हाये बाप्पा." पुढच्या चौघी अजूनच सरसावल्या.

तपासणी दुखते का, हे मला नंतर अनेकींनी विचारलं. दुखते. दोन सपाट पट्ट्यांमध्ये स्तन दाबून धरतात आणि श्वास रोखायला सांगतात. पोळपाटावर लाटणं दाबावं तसं. पण तुम्ही दात आवळेपर्यंत ते संपलेलं असतं. यासाठी तपासणी टाळावी एवढं नक्कीच दुखत नाही. बाळंतपण केलेल्या बाईला या दुखण्याची भीती घालणारा माणूस बहुधा पुरुष असतो.

आतली तंत्रज्ञ मुलगी घामाघूम होती, एसी असूनही. तिने पडद्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"तुम्हीसुद्धा पावडर लावून आलात, मॅडम."

"नाही. मी लावलेली नाही."

"दिसतेय इथे."

"मग ती पावडर नसेल. माझा डबा अजून सीलबंद आहे. दाखवू?"

"सगळ्या असंच म्हणतात हो." ती काही उर्मटपणे बोलली नाही, थकून बोलली. "पावडर आहे म्हणून टाकते. रिपोर्ट डॉक्टरच करतात नंतर."

"पुसून पुन्हा काढा ना मग."

तेवढ्यात ड्रायव्हरने बाहेरून पत्रा वाजवला. ती म्हणाली, "पुन्हा काढायला सांगितलेलं नाहीये, मॅडम. किती बायका अजून उभ्या आहेत बघा."

मी बाहेर आले. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, सावलीत उसाचा रस पीत होते. मी त्यांना सांगितलं की तुमच्या पावडरमुळे फोटो खराब येत आहेत, आणि ज्यांनी लावलेली नाही त्यांच्या फोटोवरही पावडर म्हणूनच शिक्का बसतो आहे. भाऊ हसले. "मॅडम, पावडर चांगल्या कंपनीची हाये. काई त्रास होनार नाई."

आठवड्याने मोबाइलवर रिपोर्ट आला. पावडरमुळे दिसणारे ठिपके, बाकी काही विशेष नाही. विमललाही तोच आला आणि गटातल्या आणखी काही जणींनाही. विमलने मला फोन करून सांगितलं, "आपुन सगळ्या नॉर्मल हावो ताई."

मला इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. मी पुन्हा तपासणीला गेले ती भीती वाटली म्हणून नाही. मला काही होईल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी गेले कारण मला खोटारडी ठरवलं होतं. जी पावडर मी लावली नाही ती माझ्या अंगावर लिहून दिली होती. तीस वर्षं मी मुलींना सांगत आले आहे की नकाशात जे दिसतं ते आधी नीट बघा, मग नाव द्या. इथे नाव आधीच ठरलेलं होतं.

निदान

जूनच्या सुरुवातीला वर्ध्यातल्या मोठ्या दवाखान्यात गेले. नवऱ्याला, वामनला, सोबत घेतलं नाही. तो एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक आहे आणि शाळा सुरू व्हायच्या दिवसांत त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. शिवाय मी एक भांडण मिटवायला चालले होते. त्याला सोबत कशाला लागते?

पहिल्या डॉक्टरीणबाईंनी हाताने तपासलं. काही नाही. काखेत बघितलं. काही नाही. "मग कशासाठी आलात?" मी सगळं सांगितलं, पावडरसकट. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला ओल्या कपड्याने अंग पुसून घ्यायला लावलं आणि फोटो काढायला पाठवलं.

फोटो झाले. मग त्याच जागेचा जवळून, मोठा करून, आणखी एक. मग थांबा म्हणाले. मग आणखी एक, वेगळ्या कोनातून. हे थांबणं ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना सांगते. त्या बाकावर बसल्यावर डोकं काय काय करतं याची आधी कल्पना येत नाही. मी समोरच्या भिंतीवरचा स्तनपानाचा तक्ता पाच-सहा वेळा वाचला आणि त्यातली शुद्धलेखनाची चूक मनातल्या मनात सुधारली.

फोटो बघणाऱ्या डॉक्टर बाईंनी आत बोलावून पडदा माझ्याकडे वळवला. करड्या पार्श्वभूमीवर डाव्या बाजूला पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा पुंजका. मिठाची चिमूट सांडावी तेवढा.

"हे त्वचेवर नाही, आत आहे," त्या म्हणाल्या. "पुसून जाणार नाही."

मी म्हणाले, "मी सांगत होते त्यांना."

त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं. एक-दोन सेकंदच. मग मी काय जिंकले आहे ते माझ्या लक्षात आलं.

नंतर सुईने तुकडा काढला, तोही यंत्रात फोटो बघत, कारण बोटाला तर काही लागतच नव्हतं. तपासणीच्या निकालाच्या दिवशी वामनला नेलं. डॉक्टर सावकाश बोलल्या. कॅन्सर आहे. दुधाच्या नळीच्या आत सुरू झालेला आहे, एका ठिकाणी बाहेर पडू लागला आहे. फार लवकर सापडला. हाताला लागायची वाट बघितली असती तर वर्ष-दोन वर्षं गेली असती, आणि मग बोलणं वेगळं झालं असतं.

मी आणि वामन दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलो. फाटकात ऑटोवाल्याने "बजाज चौक?" म्हणून विचारलं, तेव्हा वामन म्हणाला, "थांब ना बाबा जरासा." आणि आम्ही तिथेच रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. ऑटोवाला थांबला. त्याने मीटर नसलेल्या ऑटोचं इंजिन बंद केलं आणि दुसरीकडे बघत राहिला. ज्यांचा राग धरला त्यांची नावं मला पाठ असतात, पण त्या माणसाचं नाव मी विचारायला हवं होतं.

हर्निया

वामनने डेपोत सांगितलं, बायकोचं हर्नियाचं ऑपरेशन आहे.

मला ते त्याच्या सहकाऱ्याच्या बायकोकडून कळलं. ती सफरचंदं घेऊन आली आणि म्हणाली, "जड उचलू नका आता." ती गेल्यावर मी वामनला विचारलं.

"लोकाइले काय सांगू मंग?" तो म्हणाला. "डेपोत सगळे मानसं. त्याइच्यासमोर तुह्या अंगाचं नाव घेऊ काय?"

"हर्निया काय अंगाबाहेर असतो?"

"थे वेगळं."

"काय वेगळं?"

तो उठून स्वयंपाकघरात गेला. तीस वर्षांच्या संसारात मी या माणसावर एवढी कधी चिडले नव्हते. त्या दिवशी त्याने कुकर लावला, वरण केलं, त्यात मीठ दोनदा पडलं आणि आम्ही दोघांनी ते तसंच खाल्लं. मांडवातले पुढारी आणि माझा नवरा यांच्यात मला त्या जेवणात फरक सापडत नव्हता. फरक एवढाच की पुढाऱ्यांनी मला भेट दिली होती आणि याने वरण.

तिकडे माझ्या चुलत सासूबाई स्वतःचा निकाल देऊन बसल्या होत्या. "गाठ नाई, दुखत नाई, सुजलं नाई. मंग कापता काऊन? हे दवाखानेवाले धंदा करून राह्यले." त्यांनी माझ्या पलंगाशी बसून, मोठ्या मायेने, मला स्वतः चाचपून बघायची तयारी दाखवली. मी नको म्हणाले. त्या दुखावल्या. अजून दुखावलेल्याच आहेत.

इथे एक सांगायला हवं. हाताने तपासत राहावं, बदल दिसला तर लगेच डॉक्टरकडे जावं, हे बरोबरच आहे. पण आपल्याकडे त्याचा अर्थ उलटा करून ठेवला आहे. हाताला लागलं तर जा, याचा अर्थ हाताला लागलं नाही तर काही नाही, असा होत नाही. माझ्या घरातल्या सगळ्या शहाण्यासुरत्या माणसांना हे समजावता समजावता मी ऑपरेशनपेक्षा जास्त थकले.

तार

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पुन्हा मशीनमध्ये दाबलं आणि फोटोत बघत एक बारीक तार त्या ठिपक्यांपर्यंत आत घातली. सर्जनला हाताने काही कळणार नव्हतं, म्हणून तारेच्या मागोमाग जायचं. तारेचं टोक बाहेर काढून पट्टीखाली चिकटवलं, आणि मला चाकाच्या खुर्चीवरून वॉर्डातून ऑपरेशन थिएटरकडे नेलं. वाटेत एका बाईने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणाले, "तार आली." ती बिचारी "कोणाची?" म्हणाली.

कापलेल्या तुकड्याचाही फोटो काढला, ठिपके त्यात आले ना हे बघायला. आले होते. स्तन वाचला. काखेतल्या तपासलेल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या. जाग आल्यावर वामन शेजारी बसलेला दिसला. त्याच्या मोबाइलवर डेपोतून फोन आला होता आणि तो हळू आवाजात सांगत होता, "नाई, हर्निया नाई. कॅन्सर होता तिले. स्तनाचा. हो. स्तनाचा."  मी डोळे पुन्हा मिटून घेतले. एखादा माणूस शब्द उच्चारायला शिकत असताना त्याच्याकडे बघत राहिलं की त्याला अवघड जातं, हे मी शिक्षक म्हणून जाणते.

त्यानंतर किरणोपचार. रोज जायचं, रोज तेच टेबल, त्वचेवर शाईच्या खुणा, छताला लावलेलं बर्फाच्या डोंगराचं चित्र. वेळ थोडाच लागतो, वाट बघणंच जास्त. त्या वाट बघण्याच्या खोलीत हिंगणघाटची एक शिंपीण रोज भेटायची. तिची गाठ लिंबाएवढी झाल्यावर कळली होती. ती एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं नशीब चांगलं." तिच्याशी वाद घालायची माझी हिंमत झाली नाही. पण ते नशीब नव्हतं. तिच्या गावात गाडी आली नव्हती. माझ्या गावात आली होती आणि तरीही मला माझं भांडून घ्यावं लागलं. याला नशीब म्हणायला लागलो तर ज्यांची ही कामं आहेत ते लोक सुटतात.

बाकीच्या

किरणोपचार चालू असतानाच माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट फिरायला लागली. माझी पावडर पावडर नव्हती. मग विमलची? आणि गटातल्या ज्या बायकांना तोच रिपोर्ट आला त्यांची?

विमलने तर लावली होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेच अवघड होतं. पावडरखाली काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं.

मी फोन केला. बंडूने घेतला. "अवं ताई, तिनं लावलीच होती ना. मंग पावडरच हाये थे."

"पावडर होती म्हणून दुसरं काही नव्हतं, असं कसं?"

"सोयाबीन काढनं हाये आता. दिवाळीनंतर पाहू."

मी भाऊंना, मंडळाच्या अध्यक्षांना, फोन केला. त्यांना माझं कळलं होतं. ते भारावलेले होते. ऑक्टोबरमध्ये मोठा जनजागृती कार्यक्रम होता आणि त्यात "कॅन्सरवर मात करणारी रणरागिणी" म्हणून माझा सत्कार करायचा होता. आमच्याच शिबिरात निदान झालं हे लोकांना कळायला पाहिजे, असं ते म्हणाले.

"तुमच्या शिबिरात माझं निदान झालं नाही. तुमच्या शिबिराने मला काही नाही म्हणून घरी पाठवलं."

"फोटो त आपल्याच गाडीत निघाला ना, मॅडम."

"बरोबर. म्हणून आधी ज्यांच्या रिपोर्टवर पावडर लिहिलं त्या सगळ्यांचे पुन्हा फोटो काढा. मग सत्कार करा. माझा नाही केला तरी चालेल."

भाऊंनी आवाज खाली आणला. "पुन्हा काढायचं म्हनलं त बायका घाबरतीन. आपली चूक होती असा संदेश जाईन. थे पाहू नंतर, शांततेत."

मी सत्काराला गेले नाही. दुसऱ्या कोणाचा तरी केला. फोटो पेपरात आला.

दिवाळीनंतर मीच रोहण्याला गेले. कापूस वेचणी चालू होती. विमल शेतातून आली, ओटीतला कापूस तिने ओसरीत रिकामा केला आणि माझ्याजवळ बसली. तिने माझा हात धरला, जखमेच्या बाजूचा, अलगद.

"ताई, मले काई झालं नाई. तुमी काऊन घोर लावून राह्यल्या?"

"मला तरी काय झालं होतं? मे महिन्यात तुझ्यासारखीच बसले होते मी तिथे."

तिने पदराला चिकटलेला कापूस निवडला. मग म्हणाली, "एकटी नाई येत मी. मी आली अन् काई निंगालं, त गावात म्हनतीन विमलचंच निंगालं. आनाचं त सगळ्याइले आनू."

तिने पुढे जे केलं ते मला कधीच सुचलं नसतं. बचत गटाच्या बैठकीला जी गैरहजर राहते तिला दंड असतो. विमलने त्या महिन्याची बैठक वर्ध्याच्या दवाखान्यात लावली. हिशेब तिथेच, हप्ते तिथेच. कोणाच्या नवऱ्याने विचारलं तर सांगायचं, बैठक हाये, नाई गेली त दंड बसन. कॅन्सरच्या तपासणीला बायकोला सोडायला तयार नसलेल्या माणसाला दंड लगेच समजतो.

त्या आल्या. पहाटेच्या एसटीने, डबे घेऊन. दवाखान्याच्या व्हरांड्यात गोल करून बसल्या आणि खरोखरच हप्ते गोळा केले. नर्स म्हणाली, "इथे बसू नका." विमल म्हणाली, "बैठक चालू हाये, बाई. दोन मिंटं."

एकेक जण आत जाऊन आली. विमलचं काही निघालं नाही. स्वच्छ. ठिपके गेले होते, ती खरंच पावडर होती. बंडूला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "मी सांगतच होतो." मी फोन विमलकडे दिला, कारण मला जे म्हणायचं होतं ते व्हरांड्यात म्हणण्यासारखं नव्हतं.

बाकीच्यांचंही ठीक होतं. इंदूबाई सोडून. इंदूबाई गटात सगळ्यात कमी बोलणारी, विधवा, एका मुलीची आई. तिला आतून थांबा म्हणाले. मग आणखी एक फोटो. मग आणखी एक, जवळून. ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली, पदर घट्ट लपेटून.

"तुमाले बी असंच थांबवलं होतं का, मॅडम?"

"हो."

"मंग?"

"मग सुईने तपासलं. मग ऑपरेशन. मग आता इथे बसले आहे."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "मे महिन्यात त काई नाई म्हने."



इंदूबाईचा सुईचा रिपोर्ट अजून यायचा आहे. हे लिहिते आहे तेव्हा दोन दिवस बाकी आहेत. तो चांगला यावा. मी सोबत जाणार आहे, विमलही येणार आहे. तो कसाही आला तरी एक गोष्ट बदलणार नाही. त्या दुपारी मांडवात, हार-शालींनंतर घाईघाईत, इंदूबाईच्या आत काय आहे हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. माहीत नाही, असं सांगता आलं असतं. पुन्हा या, असं सांगता आलं असतं. त्यांनी तिला काही नाही म्हणून सांगितलं, आणि ती विश्वास ठेवून घरी गेली.